दाराला टेकलेली पहार

होळी झाली की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना आता सवय झाली आहे. नवरा म्हणतो, हिला उन्हाळा बाधतो. ऊन काय बाधणार मला? घोडेगावात स्टँडच्या मागं माझं शिलाईचं दुकान आहे, डोक्यावर नुसता पत्रा, आणि त्या पत्र्याखाली मी अर्धं आयुष्य मशीन मारलं आहे. मला बाधतात ती माणसं, जी होळीनंतर डोंगराकडच्या गाड्यांतून उतरतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन, टोपी नाहीतर पदर सारखा करत ऑफिसाची वाट धरतात. ह्या दिवसांत ही माणसं इथं दिसायलाच नकोत. ह्या दिवसांत त्यांच्या हातात पहार पाहिजे.

शिनोलीवरून भीमाशंकरच्या अंगाला निघालं की रस्त्याच्या वरच्या बाजूला, डोंगराच्या पोटात आमचं गाव. माझं माहेर. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याकडं कपडे शिवायला टाकतात आणि मला माझं गिऱ्हाईक तोडायचं नाही. आमच्याकडं देवानं सपाट जमीन दिलेलीच नाही. जी आहे ती माणसांनी केलेली. उतारावर दगडाचा बांध घालायचा, त्याच्या मागं माती आणून भरायची, ती सारखी करायची, की झालं भाताचं खाचर. लिहायला एका ओळीचं काम. करायला एकेका घराची हाडं झिजली आहेत.

एकट्या घराच्यानं हे होत नाही, म्हणून पडकई. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरावर राबायचं, परवा सगळ्यांनी माझ्या. ज्याचं काम त्यानं दुपारची भाकरी घालायची. झालं. हजेरी नाही, मजुरी नाही, सही नाही, अंगठा नाही. आणि बोलावणं तोंडानं नाहीच. आदल्या दिवशी उन्हं कलली की ज्याचं काम तो आपल्या घरची पहार न्यायचा आणि शेजाऱ्याच्या दाराला टेकवून मुकाट परत यायचा. शेजाऱ्यानं ती उचलून पुढच्या दाराला टेकवायची, त्यानं त्याच्या पुढच्या. अशी दारोदार फिरत पहार शेवटच्या घरी जायची आणि सकाळी त्या घरच्या माणसाबरोबर खाचरावर हजर व्हायची. तिच्यामागून सगळा गाव. कुणी येतो म्हणत नव्हतं आणि कुणी येत नाही असंही म्हणत नव्हतं. पहार अमक्याच्या दाराशी अडली, असं मी माझ्या लहानपणी कधी ऐकलं नाही.

तो आवाज मला अजून येतो. काळ्या दगडावर पहार बसली की ठण्ण करून वाजते, आणि समोरच्या डोंगरावरून तो आवाज जरा उशिरानं परत येतो. ढेकळं फुटल्याचा कोरडा वास, नाकात गेलेली धूळ, हुलग्याचं कालवण, त्यात कुस्करलेली नाचणीची भाकरी, आणि करवंदीच्या जाळीखाली सावलीला ठेवलेली पाण्याची कळशी. पाणी देणं हे आम्हा पोरींचं काम. माझा धाकटा चुलता, नाना, बांध घालण्यात पटाईत. दगड हातात घेऊन आधी फिरवून बघायचा, मग त्याला हातोडीनं एकदा ठोकायचा आणि कान द्यायचा. आवाज बसका आला की तो दगड बाजूला. आम्ही हसायचो. नाना म्हणायचा, हसा, पावसाळ्यात ह्या दगडाच्या जिवावर जेवणार आहात.

नानाचं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात त्याचं मोठं खाचर केलं. नवी नवरी, हौसाकाकी, हाताची हळद उतरली नव्हती आणि ओढ्याकाठची माती टोपलीत भरून डोक्यावरून वर आणत होती. बायांची रांग लागली होती. टोपली ह्या डोक्यावरून त्या डोक्यावर. काकीच्या टोपलीतून जरा माती सांडली तर सासूनं काही म्हणायच्या आत तिनं ती स्वतःच पदरात गोळा करून वर नेली. ह्या एका गोष्टीवरून गावानं तिची पारख करून टाकली. पुढं पावसात त्या खाचरात पाणी तुंबलं तेव्हा ती बांधावर बसून नुसती बघत राहिली होती, आणि मी तिच्या मांडीला टेकून करवंदाच्या पानांची फिरकी करत होते.

नाना गेला त्याला बरीच वर्षं झाली. काकीची लेक नारायणगावच्या बाजूला दिली आहे. जावई चांगला आहे, या म्हणतो. काकी जात नाही. त्या एका खाचराचा तांदूळ तिला वर्षभर पुरतो आणि वर लेकीला एक पोतं जातं. ती मला एकदाच बोलली होती, पण स्पष्ट बोलली होती: "खाचर हाय तवर मी लेकीकडं पावणी. खाचर गेलं की मी तिथं आश्रित." तेव्हा हे खाचर म्हणजे काय आहे ते ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

दोन पावसाळ्यांमागं श्रावणात त्या बांधाला खांड पडली. रात्रंदिवस ओतत होतं, वरून लोंढा आला आणि बांधाचा मधला भाग घेऊन गेला. दगड खाली गडगडले, माती लाल पाणी होऊन ओढ्याला लागली. ओढ्याची माती धरणात जाते. धरणाचं पाणी कालव्यानं खाली जातं, पारगावकडच्या उसाला. तिकडच्या माणसांवर माझा राग नाही, त्यांच्या पोरांचे युनिफॉर्मही मीच शिवते. पण आमची माती त्या धरणाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिची कुणी विचारपूस करत नाही, हे मला झोंबतं.

ह्या खांडीची दुरुस्ती म्हणजे चार दिवसांची पडकई. पूर्वी असतं तर भात झोडून झालं, होळी झाली, की काकीनं पहार टेकवली असती आणि विषय संपला असता. पण त्याच सुमाराला गावात बातमी आली की फुटलेल्या खाचरांना सरकारचं अनुदान मिळणार. माती वाचवायची योजना. ऐकायला किती छान! मला सुद्धा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर माती वाचवली त्या माणसांना कुणीतरी त्याचे पैसे देतंय, म्हटलं, देर से आये, पण आले. एक अट होती. साहेब येऊन फुटलेल्या जागेचा फोनवर फोटो काढणार, त्या फोटोवर जागेचा अक्षांश-रेखांश उमटणार, आणि तोवर खांडीला कुणी हात लावायचा नाही. हात लावला की नाव बाद.

काकीनं हात लावला नाही. नुसता लावला नाही असं नाही, दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. गुरं उतरून जागा बदलेल म्हणून तिनं खांडीभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. अहो, माणूस पिकाला कुंपण घालतं. आमच्या काकीनं भगदाडाला घातलं! पडलेले दगड पडल्या जागीच राहू दिले, एकही इकडचा तिकडं केला नाही. घरात मयत झाल्यावर पंचनामा होईस्तोवर कुणी शिवत नाही ना, तसं ती त्या खाचराशी वागली.

आणि मग तिच्या खेपा सुरू झाल्या. ऑफिसात जायचं, साहेब नसायचे, मग माझ्या दुकानात येऊन बसायचं, परतीची गाडी लागेपर्यंत. साहेब मीटिंगला गेलेत. साहेबांना दुसऱ्या कामाला जुंपलंय. साहेबांची बदली झाली, नवे यायचेत. नवे आले, पण फोनमधलं ते ॲप उघडत नाही. रिकाम्या हातानं ती कधी आली नाही. आधी आणल्या कैऱ्या. मग करवंदं आणली, पळसाच्या पानाच्या द्रोणात, चिकानं माझी बोटं काळी झाली आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या झंपराला डाग लागला. मग आंबे. मी तिला दर खेपेला सांगत होते, काकी, जाऊ दे ते अनुदान, पहार टेकव. ती म्हणायची, एवढं थांबले, आता थोड्यासाठी कशाला. ज्या दिवशी ती जांभळं घेऊन आली त्या दिवशी मी मशीन थांबवलं. जांभूळ पिकलं म्हणजे मिरग दारात आला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं.

त्याच सांजेला तिनं नानाची पहार काढली आणि शेजारच्या दगडूभाऊच्या दाराला टेकवली. दगडूभाऊ म्हणजे खाचराचाही शेजारी, त्याचा बांध तिच्या बांधाला लागूनच. सकाळी काकी भाकऱ्या थापून, कालवण करून खाचरावर जाऊन बसली. ऊन वर आलं. कुणी आलं नाही. भाकऱ्या फडक्यात गार झाल्या. घरी येऊन बघते तर पहार दगडूभाऊच्याच दाराला, तिनं टेकवली तशी. जागची हललीच नव्हती. गावातल्या माझ्या थोरल्या वहिनीनं मला हे त्याच रात्री फोनवर सांगितलं.

दगडूभाऊ नंतर तिला समजावत होता म्हणे. वहिनी, आता फुकट कशाला राबायचं, सरकार देतंय ना, मंजुरी येऊ द्या, मग सगळ्यांची मजुरी लावून करू. आणि त्याची स्वतःची तऱ्हा ऐका. त्याचा बांध फुटलाच नव्हता. पोटाला जरा फुगला होता, एवढंच. पण फुगलेला बांध फोटोत दिसत नाही. म्हणून ह्या गृहस्थानं चैत्रात, भर दुपारी, माणसं जेवायला घरी गेलेली बघून, आपल्या हातानं पहार घालून आपल्याच बापानं रचलेला बांध पाडला. नीट रुंद पाडला, फोटोत मावेल असा. गावात सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही, कारण दुसऱ्या दोघा-तिघांनीही तेच केलं होतं. ज्या गावात दगड कान लावून निवडायचे त्या गावात हे झालं. आणि झालं कशानं, तर माती वाचवायच्या योजनेनं. मला सांगा, राग कुणावर काढायचा?

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला आले तर शटरला पहार टेकलेली. नानाची पहार, मधोमध हाताळून गुळगुळीत झालेली. मी ओळखली. काकी पहिल्या गाडीनं आली होती, टेकवून त्याच गाडीनं परत गेली होती. समोरच्या चहावाल्यानं सांगितलं की एक म्हातारी ठेवून गेली, मला वाटलं गहाण टाकलीय. मी गाव सोडून, लग्न होऊन, पोरांचं शिक्षण करून एवढी वर्षं घोडेगावात राहिले. पडकईच्या वाटेत माझं दार येतं असं मला वाटलंच नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसले आणि आधी रडले आणि मग दगडूला, त्या ऑफिसला, त्या फोनला अशा शिव्या घातल्या की चहावाला आत गेला.

मग दुकानाला कुलूप लावलं. लग्नसराईतले ब्लाऊज तसेच राहिले. मी, माझा नवरा आणि माझी थोरली वहिनी. तिघं. चौथी काकी. एवढ्यानं काय होणार होतं? दुपारपर्यंत आम्ही नुसते दगड गोळा करत होतो. तेवढ्यात खालून रंजना आली. रंजना बौद्ध वस्तीतली, अंगणवाडीत मदतनीस आहे, तिचं शेत काकीच्या खाचराच्या खाली. घमेलं, कुदळ आणि दोन जावा घेऊन आली. इथं एक लिहिलंच पाहिजे, नाहीतर जुनं ते सगळं सोनं होतं असं वाटायचं: आमच्या लहानपणी जी पहार दारोदार फिरायची ती त्या वस्तीच्या दारापर्यंत कधी गेली नव्हती. आमच्या बापजाद्यांनी नेली नव्हती. काकीला ते आठवलं असणार. ती कानकोंडी होऊन म्हणाली की अगं, तुला तर बोलावणं पण केलं न्हाई. रंजना म्हणाली, "पाणी फुटलं की माज्या शेतात येतं, काकी. त्याला कुठं बोलावणं लागतं?" आणि तिनं पदर खोचला.

बांध झाला. कसा झाला ते आमच्या पाठी सांगतील. नानासारखा नाही झाला, दोन ठिकाणी दगड नीट बसले नाहीत, पण झाला. शेवटची टोपली काकीनं स्वतः टाकली आणि पायानं दाबली. वर आभाळ काळंभोर झालं होतं आणि शेजारी दगडूभाऊचा बांध फोटोची वाट बघत उघडा पडला होता. पुढच्या आठवड्यात पाऊस लागला. काकीचं खाचर भरलं आणि पाणी बांधावर थांबलं. दगडूभाऊच्या खाचरातून पाणी लाल होऊन गेलं, आणि जातच राहिलं, खालचा कातळ उघडा पडेपर्यंत.

आणि आषाढात, भाताच्या आवणीच्या चिखलात, साहेब आले! आवणीला मी गेले होते म्हणून मला हे डोळ्यांनी बघायला मिळालं. पोरगेला होता बिचारा, लांबच्या जिल्ह्यातला, बूट हातात धरलेले, फोनला प्लॅस्टिकची पिशवी. चढ चढून त्याचा दम गेला होता. काकीनं त्याला पाणी दिलं. त्यानं नाव विचारलं, फोनमध्ये बघितलं आणि म्हणाला, फुटलेला बांध दाखवा. काकीनं बांध दाखवला. तो म्हणाला, हा चांगला आहे, फुटलेला दाखवा. काकी म्हणाली, हाच की, फुटला व्हता, आमी बांधला. मग त्यानं समजावून सांगितलं, चांगल्या शब्दांत सांगितलं, की आधी फुटलेल्याचा फोटो लागतो, मग काम, मग झालेल्याचा फोटो. तुम्ही काम आधी केलंत. आता इथं काही नुकसान दिसत नाही, त्यामुळं नाव बाद होईल.

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकीनं माझा हात धरला. गुडघाभर चिखलात उभी होती, हातात रोपांची मूठ. म्हणाली, "साहेब, मग फोटूसाठी परत मोडू का?"

तिनं ते टोमण्यानं विचारलं होतं. त्या पोरानं खरंच विचार केला. फोनकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाला, "आत्ता नको, मावशी. पुढच्या उन्हाळ्यात बघू."

मला त्याच्यावर सुद्धा धड ओरडता आलं नाही. त्याच्या आवाजात खोट नव्हती, खरोखर मदत करायची होती त्याला. पुढं जाऊन त्यानं दगडूभाऊच्या खांडीचा फोटो काढला. छान आला असणार, पाणी धो धो वाहत होतं. दिवाळीनंतर दगडूभाऊचं काम मंजूर झालं, ठेकेदार आला, जेसीबी आला, सरळसोट बांध उभा राहिला, आणि बांधावर हात ठेवून दगडूभाऊचा दुसरा फोटो निघाला. सगळं नियमात. फक्त त्या बांधाच्या मागं माती नाही. कातळ आहे, त्यावर थोडी मुरमाची भुकटी. बांधाला पैसे आहेत, मातीला नाहीत. माती कुणी फोटोत मागितलीच नव्हती.

ह्या सगळ्याला वर्ष होत आलं. परवा होळी झाली आणि माझं डोकं ठरल्या वेळी फिरलं. आज सकाळी दुकानाशी आले तर रंजना पायरीवर बसलेली, अंगणवाडीच्या कामाला आली होती. शेजारी शटरला पहार टेकलेली. मला वाटलं नानाची. जवळ जाऊन बघितलं तर टोकाला वाकडी. सगळ्या गावात टोकाला वाकडी पहार एकाच घरात आहे. दगडूभाऊची.

रंजनानं सांगितलं ते असं. दगडूभाऊनं काल सांजेला पहार काकीच्या दाराला टेकवली आणि मान खाली घालून निघून गेला. त्याला ओढ्याकाठची माती वर न्यायची आहे, टोपल्यांनी, सगळं खाचर भरेल एवढी. जेसीबी तिथं उतरत नाही आणि मजुरीवर कुणी इतकी माती वाहत नाही. काकीनं पहार उचलली आणि उतार उतरून, पहिल्यांदाच, रंजनाच्या दाराला टेकवली. रंजनानं ती गाडीत घातली आणि माझ्यापर्यंत आणली. मी विचारलं, तू जाणार? ती म्हणाली, माझ्या दाराला पहिल्यांदा आली, मी कशी अडवू.

मी तिथूनच काकीला फोन लावला. चहावाला ऐकत होता, ऐकू दे. म्हटलं, ज्याच्या दाराला तुझी पहार अडली त्याची पहार तू पुढं कशी केलीस? भाकऱ्या गार झालेल्या विसरलीस का? आपल्या बापाचा बांध पाडला त्यानं, फोटोसाठी. राहू दे ना त्याला कातळावर, बसू दे सरकारनं बांधून दिलेल्या भिंतीला टेकून. बरंच काय काय बोलले, सगळं इथं लिहिता येणार नाही. काकी मला मधे तोडत नाही. माझा श्वास संपेपर्यंत थांबली.

मग म्हणाली, "शिव्या हिकडं येऊन दे त्याला, समोरासमोर. मी बी देणार हाय. आन् येताना टोपली आण, माजी फाटली."